नात रडली की मशीन थांबावं

कारखान्यात तिला सगळे सोल्डरबाई म्हणायचे. कारखाना सुटून चार वर्षं झाली तरी गल्लीत तेच नाव टिकलं होतं. खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलं होतं. एकवीस वर्षं ती एकाच बाकावर बसली. पट्ट्यावरून सर्किटच्या हिरव्या पाट्या सरकत यायच्या, समोर भिंतीवर नकाशा टांगलेला असायचा, नकाशात ठिपका असेल तिथे हिने सोल्डर, म्हणजे वितळलेल्या धातूचा थेंब, लावायचं. कुणाकुणाच्या रेडिओत, पंख्यांत, लिफ्टमध्ये तिच्या हातचे सांधे अजून शाबूत असतील. पण ती पाटी करते काय, अमुक भाग तिथेच का बसवायचा, हे तिने कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. "आपण हमाल. पेटीत काय आहे ते पेटीवाल्याला ठाऊक," असं म्हणून ती मोकळी व्हायची.

स्वभाव मात्र मोकळा नव्हता. गॅसचं बटण बंद केलंय ना, हे बघायला ती जिन्यातून दोनदा परत यायची. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण तिच्यावरूनच पडली असावी. मुलगा बोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला होता, पाच-पाच महिने घरी नसायचा. तो फोनवर हसून म्हणायचा, "आई, कारखान्याची शिफ्ट सुटली तुझी, काळजीची कधी सुटणार?"

घरात ती, सून आणि सहा महिन्यांची नात. सुनेला तीन वर्षांची असताना ताप आला आणि कान गेले ते गेलेच. बोटांनी बोलायची, ओठ वाचायची, आणि फारच अडलं तर शिवणकामाच्या चपट्या खडूने हाताशी असलेल्या कापडाच्या तुकड्यावर लिहायची. शिवणात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. पुढच्या खोलीत तिचं विजेवरचं मशीन, मागच्या खोलीत कठड्याची लाकडी खाट आणि खाटेत बाळ. दोन खोल्यांच्या मध्ये एक दार आणि चार पावलांचं अंतर.

ते चार पावलांचं अंतर एके दिवशी सकाळी नडलं.

सोल्डरबाई डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता, डॉक्टरने ऑपरेशनची तारीख घ्यायला सांगितलं होतं. परत आली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच तिच्या कानावर रडणं पडलं. साधं रडणं नव्हतं. रडून रडून घसा बसलेल्या पोराचं, मधूनच श्वास कोंडणारं. वरचा जिना ती कशी चढली ते तिला आठवत नाही. दार उघडलं तर मशीन घरघरतंय, सून पाठमोरी, समोर पडद्याचं लांबच्या लांब कापड. आत नातीचा पाय खाटेच्या दोन गजांत अडकलेला, घोट्याशी लालबुंद सुजलेला, चेहरा जांभळा.

साबणाचं पाणी लावून पाय निघाला. हाडाला काही झालं नव्हतं. पण तोवर सून दारात येऊन उभी राहिली होती, पांढरीफटक. आणि सोल्डरबाईच्या तोंडून निघून गेलं, "ऐकू येत नाही तर निदान बघायचं तरी!"

ती हे स्वतःशीच बोलली होती, भिंतीकडे बघून. पण चेहरा पुरता वळला नव्हता. सुनेने ओठ वाचले. तिने बाळ उचलून घेतलं आणि पुढच्या खोलीत निघून गेली.

त्या दिवसापासून सोल्डरबाईने घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दोन खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून ती पहाऱ्याला बसली. भाजी आणायची तर शेजारणीला हाक, डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख आली आणि गेली. सुनेने खाट मशीनजवळ ओढून बघितली. कापडाच्या तुसांनी बाळ खोकायला लागलं, शिवाय इस्त्री, कात्री, सुया. मग तिने भिंतीवर आरसा लावला, म्हणजे मान न वळवता खाट दिसावी. पण शिवताना नजर सुईवर ठेवायची की आरशात? दुसऱ्याच दिवशी बोटात सुई घुसली. बोटाला चिंधी बांधून ती शिवत राहिली आणि सासू दारात बसून राहिली. दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

असं किती दिवस चालणार? डाव्या डोळ्याला आता समोरच्या इमारतीच्या खिडक्या नुसत्या डागांसारख्या दिसायच्या. आपण आजारी पडलो तर? आपण मेलो तर? रोज दुपारी खुर्चीत बसून ती हेच दळण दळायची. आणि अशाच एका दुपारी तिला माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर आठवला. त्यात मायक्रोफोन होता, आवाज वाढवणारी पाटी होती. आवाज आला की काहीतरी हलेल, काहीतरी सुनेला जाऊन टोचेल, असं करता येईल का?

करता येईलच, हे तिला ठाऊक होतं. करणारी माणसं वेगळी असतात, हेही ठाऊक होतं. नकाशाशिवाय तिने आयुष्यात एक सांधा लावला नव्हता.

सुटे भाग विकणाऱ्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून एका जिन्याखाली होतं. भिंतभर पुठ्ठ्याची छोटी छोटी खोकी, म्हणून त्यांना सगळे खोकेवालेभाऊ म्हणत. सोल्डरबाई शेजारणीला घरी बसवून, धावतपळत गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक बोटाएवढी थरथरणारी मोटर दिली, मोटारीला चालू-बंद करायला एक ट्रान्झिस्टर दिला आणि कागदावर तीन रेघांचं चित्र काढून दिलं. "हा मधला पाय म्हणजे बेस. टेपरेकॉर्डरकडून इथे थोडी वीज आली की याच्यातून मोटारीला भरपूर वीज जाते. नाही आली की बंद. नळासारखं."

दोन दिवसांत तिने ते जोडलं. एका डोळ्यावर भिंग लावून लावलेले सांधे पहिल्यासारखेच गोल, चकचकीत. टाळी वाजवली. मोटर म्हाताऱ्यासारखी हळूहळू थरथरली. आणि तिने ट्रान्झिस्टरला बोट लावलं तर बोट भाजलं.

शेजारणीला पुन्हा बसवून ती पुन्हा जिन्याखाली.

"भाऊ, खराब माल दिलात. दोन मिनिटांत इस्त्रीसारखा तापतो."

"वीज अडवायला बेसला रेझिस्टर कितीचा लावला?"

"दहा केचा, म्हणजे दहा हजार ओहमचा. टेपरेकॉर्डरमधलाच एक काढून लावला."

"इतका मोठा? का हो?"

"जास्त वीज जाऊन जळू नये म्हणून. जपून."

खोकेवाले हसले. "जपून केलंत म्हणूनच जळतोय, बाई. असं बघा. दार सताड उघडं असलं की माणसं सुरळीत जातात. घट्ट लावलेलं असलं की कुणी जातच नाही. तुम्ही ठेवलंय किलकिलं. मग सगळी रेटारेटी कुठे? दारातच. तिथेच घाम, तिथेच ताप. ट्रान्झिस्टरला स्विच म्हणून वापरायचं तर पूर्ण उघडायचा, नाहीतर पूर्ण मिटायचा. मोटर किती ओढते, मोजलंत?"

"दीडशे मिलिअँपिअर."

"मग बेसला त्याचा दहावा भाग तरी द्या, पंधरा. कागदावर लिहिलेलं असतं, हा शंभरपट वाढवतो, दोनशेपट वाढवतो. ते पाहुण्यासमोरचं वागणं. भार पडला की खरं कळतं. सहा व्होल्टची बॅटरी ना? त्यातले पाऊण व्होल्ट बेस खाणार. उरले सव्वापाच. भागा पंधराने."

त्यांनी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावरच भागाकार मांडला. उत्तर साडेतीनशे आलं. त्यांनी तीनशेतीस ओहमचा रेझिस्टर दिला आणि ट्रान्झिस्टरही एक थोरला दिला, कारण पहिला मुळात शंभर मिलिअँपिअरपर्यंतचाच होता.

घरी येऊन तिने बदल केला. टाळी वाजवली. मोटर अशी थरथरली की टेबलावरून सरकत जाऊन खाली पडली. ट्रान्झिस्टर थंड. सोल्डरबाईने मायक्रोफोनपाशी रेडिओ लावला आणि बोट ट्रान्झिस्टरवर धरून ठेवलं, पाच मिनिटं, दहा मिनिटं. थंडच.

तिने मोटर एका पट्ट्यात शिवली (पट्टा सुनेनेच शिवून दिला, काही न विचारता) आणि सुनेच्या दंडावर बांधली. सून मशीनवर बसली. सोल्डरबाई खाटेपाशी जाऊन टाळ्या वाजवू लागली. सून शिवतच राहिली. आणखी जोरात. सून शिवतच राहिली. सासू धावत बाहेर आली आणि तिने पट्टा चाचपला. मोटर थरथरत होती. पण मशीनही थरथरत होतं, टेबलही, सुनेचे हात खांद्यापर्यंत थरथरत होते. त्या सगळ्यात एक बोटाएवढी मोटर कुणाला कळणार?

"घट्ट बांध. अजून घट्ट," सोल्डरबाई खुणा करत म्हणाली. "नाहीतर मानेला बांधू. नाहीतर दोन मोटारी लावू."

सुनेने पट्टा सोडून टेबलावर ठेवला. मग काळ्या कापडाचा एक मोठा तुकडा ओढला आणि त्यावर खडूने लिहायला लागली. नेहमी दोन-तीन शब्द लिहायची, आज थांबेना.

"आई, तीन आठवडे तुम्ही दारात बसता. माझ्याकडे बघत बसता, बाळाकडे नाही. मी काय चोर आहे? त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मी रोज स्वतःला बोलते. तुम्ही नाही बोललात तरी चालेल."

सोल्डरबाईने ते वाचलं. चांगल्या डोळ्यासमोरही धूसर झालं. तिला म्हणायचं होतं की चुकले. पण सुनेची मान खाली होती, ओठ वाचणार कोण? मग तिने खडू घेतला आणि त्याच कापडाच्या कोपऱ्यात लिहिलं, "मी भ्याले होते. तुझ्यावर काढलं. चुकलं माझं." अक्षर वाकडंतिकडं आलं. बऱ्याच दिवसांत तिने काही लिहिलं नव्हतं.

सुनेने ती ओळ वाचली. मग तिने मशीनच्या पेडलवर पाय ठेवला, मशीन सुरू केलं, पाय उचलला, मशीन थांबलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिच्या कपाळावर आठी पडली, म्हणजे डोक्यात काहीतरी शिजत होतं. तिने कापड उलटं केलं आणि लिहिलं:

"मला कशाला हलवता? मशीनलाच थांबवा."

सोल्डरबाईला कळलं नाही.

"बाळ रडलं की मशीनची वीज तोडा. शिवता शिवता सुई थांबली तर मला लगेच कळेल. तेवढं एक तर मी बघतच असते."

ही गोष्ट सासूच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला, पण शिरल्यावर तिथून हलेना. रात्रभर उशीवर डोकं ठेवून ती हेच उलटंपालटं करत होती, आणि सकाळी तिला त्यातली आणखी एक गंमत दिसली. बॅटरी संपली तर? दंडावरची मोटर गप्प राहिली असती आणि सुनेला वाटलं असतं, बाळ झोपलंय. पण मशीन जर बॅटरीच्या जिवावरच चालत असेल, तर बॅटरी मेली की मशीनही थांबणार! तिने चहा टाकायचा सोडून हे सुनेला सांगितलं. सुनेने डोळे मिचकावले आणि बोटांनी उत्तर दिलं: थांबलं की समजायचं, एकतर पोर रडतंय, नाहीतर तुमचं यंत्र मेलंय. दोन्हीत उठायचंच.

खोकेवाल्यांनाही हे आवडलं. पण मशीनची वीज म्हणजे घरातली वीज. ती ट्रान्झिस्टरमधून थेट न्यायची नाही, असं त्यांनी बजावलं. मध्ये रिले हवा. रिले म्हणजे तारेची गुंडाळी आणि तिच्या ओढीने चिकटणारी एक पत्ती. ट्रान्झिस्टरने फक्त गुंडाळीला वीज द्यायची. पत्ती चिकटली की पलीकडे मशीनचा रस्ता जुळतो. अलीकडची वीज पलीकडे जात नाही, पलीकडची अलीकडे येत नाही. "दोन्हींत बोटभर जागा सोडा, आणि खोकं लाकडाचं करा, पत्र्याचं नको." घरात शांतता असताना ट्रान्झिस्टर उघडा, रिले धरलेला, मशीन चालू. आवाज आला की दुसरा छोटा ट्रान्झिस्टर पहिल्याची बेसची वीज आपल्याकडे वळवून घेणार, पहिला मिटणार, रिले सुटणार, मशीन निदान दहा सेकंद बंद.

या वेळी भागाकार तिने स्वतः केला. सुनेच्या खाकी कागदावर, ज्यावर झग्याची मापं काढलेली होती, त्याच्याच कडेला. रिले तीस मिलिअँपिअर ओढतो, म्हणून बेसला तीन. रिलेसाठी आता बारा व्होल्टची बॅटरी, त्यातून पाऊण वजा. साधारण पावणेचार के. त्याहून थोडा कमी घ्यावा, म्हणजे दार नक्की सताड उघडेल. तीन पॉइंट तीन केचा मिळतो. तिने हे चार वेळा तपासलं, मग खोकेवाल्यांना दाखवलं, आणि त्यांनी मान डोलावल्यावर घरी येऊन पाचव्यांदा तपासलं.

पहिल्याच टाळीला रिले 'टक्' करून सुटला आणि मशीनची सुई कापडात अर्धी थांबली. सुनेने वळून बघितलं आणि दोन्ही हात वर केले. नातीला काय कळलं कोण जाणे, तीही खिदळली, आणि त्या खिदळण्याने मशीन पुन्हा थांबलं.

दुसऱ्या एखाद्या बाईने आता डोळ्यांच्या दवाखान्याची तारीख घेतली असती. सोल्डरबाई तपासायला बसली. सून दिवसभर शिवत होती आणि ही दर दहा मिनिटांनी मागच्या खोलीत जाऊन टाळी वाजवत होती. टाळी, टक्, मशीन बंद. दहा सेकंदांनी मशीन सुरू. सून वैतागली, पण शिवत राहिली. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, किती वेळा झालं ते कुणी मोजलं नव्हतं, पण शंभरेक तरी टाळ्या झाल्या असतील, तेव्हा टाळी वाजली आणि 'टक्' आला नाही.

तिने पुन्हा टाळी वाजवली. मशीन घरघरत होतं. तिने खाटेच्या कठड्यावर हात आपटला. नात दचकून जागी झाली आणि भोकाड पसरलं. मशीन घरघरत होतं. चार पावलांवर सून पाठमोरी, निवांत, विश्वासाने शिवत होती. पूर्वी निदान ती अधूनमधून उठून बघायची; आता यंत्रावर भरवसा ठेवून तेही सोडलं होतं.

 सोल्डरबाईने नातीला कडेवर घेऊन भिंतीतलं बटण बंद केलं. बॅटरी मेली तर मशीन थांबेल, तार तुटली तर थांबेल, एवढा विचार केला. पण ट्रान्झिस्टर मेल्यावर तो मिटत नाही, उघडाच राहतो, हे कुठे ठाऊक होतं? मेलेल्या माणसाचे डोळे उघडेच राहावेत तसं. कुणी येऊन मिटले तरच मिटतील.

"हे नकोच," तिने सुनेला सांगितलं. "मी बसते दारात. मरेपर्यंत बसेन."

सुनेने यंत्राची पाटी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि ती सासूसमोर धरून भुवया उंचावल्या. म्हणजे, मेला कशाने ते तर विचारून या.

खोकेवाल्यांनी पाटीकडे एक नजर टाकली. "रिलेवर डायोड कुठे आहे?"

"कुठला डायोड? तुम्ही चित्रात काढलाच नाहीत."

"मोटारीचं चित्र दिलं होतं मी. तिथेही लावायला हवाच होता, तो मी विसरलो. रिलेचं तुम्ही स्वतः जोडलंत. अहो बाई, गुंडाळीतली वीज म्हणजे धावत सुटलेला माणूस. तुम्ही त्याच्या तोंडावर खाडकन दार लावलंत, तो काय जागच्या जागी थांबतो? आदळतो दारावर. दर टाळीला आदळत होता, शेवटी दार मोडलं. त्याला वळून परत जायला बाजूने एक बोळ ठेवायचा. हा घ्या."

त्यांनी तळहातावर ठेवलेली वस्तू सोल्डरबाईने ओळखली. तांदळापेक्षा थोडी मोठी, काळी, एका टोकाला रुपेरी कडं. कारखान्यात रिलेच्या प्रत्येक पाटीवर, गुंडाळीच्या दोन पायांमध्ये, नेमकी हीच बसवायची असायची, आणि कडं नेहमी वीज येते त्या बाजूला. एकदा तिने चाळीस पाट्यांवर ते कडं उलटं लावलं होतं, तेव्हा देखरेख करणारा माणूस सगळ्यांदेखत ओरडला होता. ती घरी येऊन रडली होती. पण एवढ्याशा दाण्यावरून एवढं काय, हे तिने त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. एकवीस वर्षांत तिने असे किती दाणे लावले असतील! आणि जिथे स्वतःच्या नातीसाठी लावायचा, नेमका तिथेच राहिला.

"विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली.

"मग आता विचारलंत की," खोकेवाले म्हणाले.

नवा ट्रान्झिस्टर, त्याच्यासोबत डायोड. सोल्डरबाईने आता पाच दिवस टाळ्या वाजवल्या. शेजारीण दारातून डोकावून विचारून गेली, घरात एवढं कसलं कौतुक चाललंय? यंत्र चुकलं नाही. तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना, कारण आता तिला ठाऊक झालं होतं की ते चुकू शकतं. मायक्रोफोनची तार निसटली तरी आवाज पोचणार नाही आणि मशीन चालूच राहील. रिलेची पत्ती चिकटून बसली तरी तेच. ती हे सगळं सुनेला बोटांवर मोजून मोजून सांगत होती.

सुनेने शांतपणे ऐकलं आणि मग स्वतःचा नियम सांगितला. रोज बाळाला खाटेत ठेवण्याआधी ती पेडलवर जड कात्री ठेवून मशीन चालू करेल, खाटेपाशी जाऊन टाळी वाजवेल, आणि सुई थांबलेली डोळ्यांनी बघेल. थांबली नाही तर त्या दिवशी शिवण बंद. शिवाय दर अर्ध्या तासाने उठून एक फेरी, यंत्र असो वा नसो. "मी आई आहे तिची," ती बोटांनी म्हणाली, "मलाही भीती वाटते. तुम्हाला एकटीलाच वाटते असं का धरून चालता?"

 सोल्डरबाईने दवाखान्याची तारीख घेतली.

ऑपरेशनचा दिवस तिने कसा काढला ते तिलाच ठाऊक. डोळ्यापेक्षा तिचं चित्त घराकडे. सुई टोचणाऱ्या परिचारिकेला तिने विचारलं, "लांब तार असली की मायक्रोफोन हळूहळू कमी ऐकतो का हो?" परिचारिकेला वाटलं, बाईंना भीतीने भ्रम झालाय, तिने डॉक्टरला बोलावलं. शेजाऱ्याने संध्याकाळी तिला घरी आणून सोडलं. डोळ्यावर पट्टी. जिन्यात तिने कान टवकारले. रडणं नाही. मशीनची घरघर मात्र येत होती.

घरघर येतेय आणि रडणं येत नाही, म्हणजे सगळं ठीक. किंवा रडून रडून पोर गप्प झालंय. किंवा... ती दारातून आत आली, सून पाठमोरी शिवत होती, सासूची चाहूल तिला लागली नाही. सोल्डरबाई भिंतीला धरून मागच्या खोलीत गेली. नात उताणी, मुठी मिटून गाढ झोपलेली, पोट वरखाली होत होतं. जिवात जीव आला. पण यंत्र चालू आहे का, हे कुठे कळलं? ती मायक्रोफोनकडे वाकली आणि मोठ्याने खाकरली.

मशीन थांबलं. दुसऱ्या क्षणी सून धावत दारात. खाटेकडे बघितलं, सासूकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले. मग खिशातून खडू काढून दाराच्या काळ्या फळीवरच लिहिलं:

"बाळ झोपलंय. आता तुम्ही रडू नका."

सुनेने स्वतः घेतलेल्या चाचण्या सोडल्या तर दिवसभरात मशीन अकरा वेळा थांबलं होतं. चार वेळा बाळासाठी. बाकी वेळा वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळे ठोकत होतं. सातव्या वेळी सुनेने वैतागून लाकडी खोक्याचं झाकण उघडलं आणि आवाजाचं बटण थोडं कमी केलं. हे ऐकून सोल्डरबाईच्या पट्टीखालच्या डोळ्यातही कळ आली.

"तू हात लावलास? मला न विचारता? कमी झालं म्हणजे रडणं नाही ऐकलं तर?"

सुनेने पेडलवर कात्री ठेवून मशीन चालू केलं, तिला हात धरून खाटेपाशी नेलं, स्वतः बाळाच्या उशाशी वाकली आणि घशातून आवाज काढला. हळू, कुरकुरल्यासारखा. तो आवाज तिला स्वतःला ऐकू येत नव्हता. तो किती मोठा होता हे ती फक्त सासूच्या चेहऱ्यावरून आणि बाहेर लटलटणारा मशीनचा पट्टा थांबला त्यावरून ओळखत होती. तिने दिवसभरात हे वीसेक वेळा करून बघितलं होतं. बटण नेमकं किती फिरवायचं ते तिने खोक्यावर खडूने खूण करून ठेवलं होतं.

सोल्डरबाईने वाकून ती खूण एका डोळ्याने न्याहाळली. बटण वाढवावं असं तिला फार वाटत होतं. तिने नाही वाढवलं.

महिन्याभराने सुनेची एक मैत्रीण आली, तिच्यासारखीच कानांनी अधू, पोटुशी. तिचं पिठाच्या गिरणीचं काम होतं आणि गिरणीला लागूनच राहणं. तिथे नुसतं रडणं ऐकून चालणार नव्हतं, गिरणीच्या आवाजातून ते वेगळं काढायला हवं होतं. सोल्डरबाईने आधी सरळ नाही म्हटलं. मग खाकी कागद घेतला, पट्टी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः नकाशा काढायला बसली. ट्रान्झिस्टर, रिले, रिलेवर डायोड. डायोडच्या कड्याभोवती तिने लाल पेन्सिलीने गोल केला.

गिरणीचं कसं करायचं ते अजून सुटलेलं नाही. खोकेवाले म्हणतात होईल, ती म्हणते झालं तर बघू, आणि सूनबाई मध्येच येऊन नकाशावर खडूने काहीतरी सुचवून जाते. उजव्या डोळ्यातही आता मोतीबिंदू दिसू लागलाय, त्याचंही ऑपरेशन करायचं आहे. तारीख घेईन, असं ती रोज म्हणते, पण आधी गिरणीवालीचं यंत्र आठ दिवस न चुकता चाललेलं बघू दे, मग डोळ्यांचं बघू.